सातवा नमुना

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
ड्रिलचा सातवा नमुना.
मोटरच्याच दांड्यावर पंखा,
टोकाला रबराची वाटी,
वाटीतून नळी, नळीतून डबी.
कागदावर चोख ओढतं सगळं.
भिंतीवर मात्र सहाव्या भोकाला
गाळणी चोंदते, शिट्टी वाजते
आणि विटेचा लाल भुगा
माझ्या बाहीवर.

ठाकोरभाई हसतात :
बेन, खाली एक माणूस उभा करा, संपलं.

होतं की माणूस.
दांडिया बाजारच्या खोलीत
नाना स्टुलावर,
हातात शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं ड्रिल,
आणि खाली आई.
कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका दुमडून
भिंतीला टेकवून धरलेली,
डोळे गच्च मिटलेले.
पत्रिका भरली की म्हणायची, थांबा.
नाना थांबायचे.
एरवी कुणाचं ऐकायचे नाहीत.

हे थांबा कुठे बसवू?
डबी पारदर्शक करून पाहिली.
चार रुपये वाढले,
आणि पहिल्याच भोकाला
आतून पांढरीफटक, काही दिसेना.

मिटल्या डोळ्यांनी
तिला कसं कळायचं, भरली ते?

वजनावरून असेल.
बोटांना.

ठाकोरभाई, थांबा जरा,
तो तराजूचा काटा
कुठे ठेवलात?