एकवीस मिनिटं

जेल रोडवर चेलानी म्हणाला,
भिया, ही साधी वायर नाही.
ऑक्सिजन काढून घेतलेलं तांबं आहे आत,
टोकांना सोनं. अख्ख्या इंदूरात दोनच आल्यात.
मखमली डबीतून काढली त्याने,
पाटल्या दाखवाव्यात तशी.
चार हजार आठशे.
मी विचारलं, आवाज कुठून कुठे जातो हिच्यातून?
त्याने बाण दाखवला.
खरंच बाण होता.

रामबागेत सुमंतमामांना
नातीचं गाणं कॅसेटवरच हवं असतं.
ती बडोद्याहून पाठवते, मी कॉम्प्युटरमधून
टेपमध्ये उतरवून देतो,
आणि दर वेळी गाण्याखाली एक बारीक घूंऽ,
सतरंजीखाली राहिलेल्या खड्यासारखी.
आपल्या खात्यातली मोटर अशीच बोलायची, मामा म्हणतात.
तीस वर्षं गिरणीत काढली, त्यांना ठाऊक.

रविवारी परीक्षा घेतली.
मामा भिंतीकडे तोंड करून,
मामी पाठीमागे वायरी बदलणार,
मी कॅलेंडरच्या मागे लिहिणार.
ही भारी.
ही साधी.
ही भारी, तानेला धार आली बघ!
धार आली तेव्हा मामींनी काहीच बदललं नव्हतं,
त्या पोह्यांवर शेव घालत होत्या.
दहात पाच.
नाणं उडवलं असतं तरी एवढंच.
घूं मात्र दोन्हींत, सोन्यातही, पितळेतही,
भेदभाव न करता.

मग आतला सॉकेट जळलेला म्हणून
मामींनी लॅपटॉपचा चार्जर उपटला,
मिक्सर लावायला.
आणि घूं गेली.
इतकी गेली
की पहिल्या षड्जाआधी नातीने गिळलेला आवंढा ऐकू आला,
तंबोऱ्यापलीकडे कुणी खुर्ची सरकवली, तीही.
मामी चटणीचं भांडं धरून तशाच उभ्या.
कुणी मिक्सर लावला नाही.

बॅटरी जुनी आहे. एकवीस मिनिटं टिकते.
यमन सव्वीस मिनिटांचा.
एकविसाव्या मिनिटाला मी चार्जर खोचतो
आणि घूं येऊन बसते आपल्या जागी.
असू दे, मामा म्हणतात,
तिथपर्यंत ती बडोद्यात गाते,
पुढची पाच मिनिटं आपल्या घरात.

चेलानीने वायर परत घेतली नाही.
डबी टेपवर आहे, मामी तिच्यावरची धूळ पुसतात.
मामांना अजून वाटतं,
बाण उलटा लावला असेल आपण.