इतिवृत्त

मंडळीचं जुनं इतिवृत्त सापडलं,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधली पानं शाबूत.
अक्षर माझंच. तेव्हा मी सेक्रेटरी होतो,
शेंडीफोड्या श फार वळणदार काढायचो.

"मे महिना, तिसरा रविवार. हजर एकेचाळीस.
ठराव तिसरा : श्रीमती सलोमे त्रिभुवन
चालू उपासनेतून उठून गेल्या.
त्यांना समज द्यावी. सर्वानुमते मंजूर."

सर्वानुमते म्हणजे मीही.

त्या साली अंबड रस्त्याच्या आमच्या गावात
पायऱ्यांच्या विहिरीत शेरडं तळापर्यंत उतरून
सावलीला बसायची.
टँकर आठवड्यातून दोनदा, वेळ त्याच्या मर्जीची.
आम्ही पहाटेच हंडे नंबरात लावून
इस्त्रीचे कपडे घालून देवळात आलो होतो.
पाळकसाहेबांच्या दोन टाक्या सगळ्यांत पुढं.

पाळकसाहेब आढाव बोलत होते तहानेवर.
शोमरोनी बाई, भर दुपार, विहिरीचा काठ,
घागर तिथंच विसरून ती गावात पळाली, इथवर आले
आणि फाट्यावर हॉर्न वाजला.

एकही मान वळली नाही.
मी प्रार्थनेला डोळे मिटून हंडे मोजत होतो.
माझे सात. त्यातला एक गळका,
तो शेवटी ठेवायला हवा होता.
शांतवनमास्तर आमेन जरा लवकरच म्हणाले.
उठणं शोभत नव्हतं.
कोणीतरी आधी उठावं, मग आपल्याला उठता येईल,
असं प्रत्येकाच्या मनात,
आणि डोक्यावर पंखा बंद.

सालमीमावशी उठली.
बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सलोमे, गावाच्या तोंडी सालमी.
दारात वडील पंचांनी अडवलं,
"बाई, देवबापासमोर बसलोय आपण."
ती बोलली. हळू बोलणं तिला जमायचंच नाही.
"देवबाप कुठं पळून चाललाय व्हय?
टँकर चाललाय."

मागं कोणीतरी खोकलं. हसू होतं ते.
पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, चारही कडवी.
तिसऱ्या कडव्यात बाहेरून तिची शिवी ऐकू आली,
सणसणीत, आईवरची,
ड्रायव्हर पाइप काढायला लागला म्हणून.
तिला प्रार्थना म्हणावं का, अजून ठरत नाही.
टँकर थांबला, एवढं खरं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा धूळ खाली बसलेली
आणि सगळं भरलेलं.
पाळकांच्या टाक्या, मास्तरांच्या बादल्या,
वडील पंचांचं पिंप,
पलीकडच्या आळीतल्या अंथरुणावरच्या हुसेनचाचांच्या दोन घागरी.
माझ्या गळक्या हंड्याच्या भोकात
लुगड्याची चिंधी कोंबलेली.
ती पायरीवर मिश्री लावत बसली होती,
चिडलेली. पाठ दुखत होती तिची.

संध्याकाळी माझ्याच घरी कमिटी बसली.
उकाडा होता. पाण्याचा तांब्या दोनदा फिरला.
मी ठराव लिहिला.

समज दिली तेव्हा ती "बरं" म्हणाली,
आणि पुढच्या रविवारी त्याच बाकावर,
दाराजवळ.

आता खोडावं म्हणून पेन घेतलं.
पण मंजूर ठराव एकट्यानं खोडता येत नाही,
नियम मीच लिहिलाय, पान चौदा.
आणि एकेचाळिसांतले उरलोत किती, सहा.

खाली सह्यांच्या रांगेत तिचा अंगठा आहे,
समज मिळाल्याची पोच.
शाईच्या बारीक वर्तुळांत वर्तुळं,
विहिरीत वरून पाहिल्यासारखी.

मी त्यावर बोट ठेवतो.
कोरडं.