प्र. का. २

घणसोली गावातून सेक्टरकडे वळताना
नाल्यावरचा स्लॅब जिथे खचलाय
त्याच्यासमोर माझं दुकान.
तांदूळ, साबण, सुटी साखर,
आणि दारात लाल फ्रिज, कंपनीनं फुकट दिलेला.
अट एकच : आत त्यांच्याच बाटल्या.
ताकाचा तांब्यासुद्धा ठेवायचा नाही.

माझ्या वहीत पुरी नावं नसतात.
प्र. म्हणजे प्रणित, सुगंधा म्हात्रेचा धाकटा.
का. म्हणजे काळी, ना. म्हणजे नारंगी.
दुपारी दोनला त्याची गाडी स्लॅबपाशी थांबायची.
पाठीवर चौकोनी पिशवी,
पिशवीत महाप्याच्या काचेच्या इमारतींचं जेवण,
त्याच्या स्वतःच्या पोटात काही नाही.
"मावशी, एक काळी. लिहून ठेव."
हेल्मेट न काढता, काच वर करून, एका दमात.
मग ढेकर.
तोच त्याचा डबा.

एप्रिलमध्ये एक, कधी दोन.
मे महिन्यात दोन, कधी तीन.
"एवढी कसली रे तहान?"
"ऊन बघ ना, मावशी."
ऊन होतंच, म्हणून मी पुढे विचारलं नाही.
शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला.
पट्ट्याला त्यानं नवं भोक पाडलं,
माझ्याच दुकानात, माझ्याच खिळ्यानं.
मी म्हटलं, वाळलास रे पोरा,
आणि त्या दिवशीची बाटली वहीत धरली नाही.
हे मी सुगंधाला अजून सांगितलेलं नाही.

ती आली तेव्हा पदरानं मान पुसत होती.
म्हणाली, मोरीत मुंग्या यायच्या गं.
मी खडूची रेघ ओढली.
त्या रेघेवरून आल्या.
मग एका सकाळी तो उठेचना.
वाशीच्या दवाखान्यात बोट टोचलं
तर यंत्रानं आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय'.
चोवीस वर्षांचा आहे.
डॉक्टर म्हणाले, घराण्यात उतार होताच,
आजोबांचा अंगठा गेला होता ना?
पण उतारावर ढकललं कुणी?
काय काय पितोस, विचारलं, तर म्हणाला,
कधीतरी. एखादी.

"तुझी वही दे," सुगंधा म्हणाली.

मी पान फाडून दिलं.
माझं वेडंवाकडं अक्षर, तेल लागलेला कोपरा,
प्र. का. १, प्र. का. २, प्र. ना. १, प्र. का. २,
कुठल्याही केसपेपरवर नसेल असा हिशेब.
एकशे अठरा बाटल्या.
(आणि एक, न लिहिलेली.)
तिनं चार हजार सातशे वीस मोजून ठेवले.
राहू दे म्हटलं, तर म्हणाली,
नको, उधारी अंगावर राहते.

रात्री शटर अर्धं ओढून
मी बाटलीवरची बारीक अक्षरं चष्म्यातून वाचली,
आणि माझ्याच तराजूत साखर घातली.
एका बाटलीची त्रेपन्न ग्रॅम.
एकशे अठरांची सहा किलो, वर पावशेर.
पारडं खाली बसलं ते वर येईना.
कुणी माझ्या दारात उभं राहून
वाटीभर साखर चमच्यानं खाल्ली असती
तर मी हात धरला असता.
विरघळलेली होती,
गार होती,
म्हणून मी बर्फासारखी बसून राहिले.

काल प्रणित आला. इन्सुलिनची पिशवी गाडीच्या हँडलला.
सवयीनं हात फ्रिजच्या दांडीवर गेला
आणि तिथेच राहिला, न उघडता.
काचेवर पंजाचा ठसा उमटला,
थोड्या वेळानं पुसला गेला.
मी माठातलं पाणी दिलं.
त्यानं ते सावकाश प्यायलं,
चव शोधत असल्यासारखं.

आज दोन वाजता एक नवा पोरगा.
तशीच पिशवी, तसंच हेल्मेट.
"मावशी, एक काळी. लिहून ठेव."
वही उघडली. नाव विचारलं. सांगितलं त्यानं.
पेन टेकवलं आणि म्हटलं,
"जेवलास का?"
तो हसला. "तुम्हाला काय करायचंय?"
फ्रिजची मोटर सुरू झाली.
मी अजून त्याचं पहिलं अक्षर लिहिलेलं नाही.