पुस्तक चौदा

वरळीला, धर्मादाय कार्यालयात
तेंडोलकरबाई बोट ओलं करून
आमच्या स्थळप्रती उलटतात.
तेरानंतर एकदम पंधरा.

चौदा उंदरांनी खाल्लं, मी सांगतो.
बाई मान वर करत नाहीत:
"गणपतीच्या, की कमिटीच्या?"

परवानगीची मुदत संपली, तरी
महिनाभर फिरलो होतो चाळीचाळींत
कळसासाठी.
कळस अजून परांचीतच, गोणपाट गुंडाळून.

पंख्याखाली पानं फडफडतात
आणि आठवते चांगुणामावशी, कोळीण,
खवल्यांच्या ओल्या हाताने अकरा रुपये मोजणारी.
चौदातली पहिलीच पावती तिची.
कशाला पावती, म्हणालो होतो, देव बघतोय.

"त्याला बघू दे," ती म्हणाली,
"तू फाड."