दिवाडीची मानस

हौदेक सर गोव्यात आले ते ऐंशीच्या घरात,
कापडी पिशवीत वही आणि एक ओला स्पंज.
ब्रनोत फळा स्पंजनेच पुसायचे;
आमच्या डस्टरवर विश्वास नाही.
"धूळ नुसती जागा बदलते."

तिथे तेरा वर्षं शिकवलं,
मग एका कागदावर सही केली नाही
म्हणून एकवीस वर्षं
इस्पितळाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकला.
प्रमेयं लिहिली वजनाच्या पावत्यांमागे.
हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
पावत्या मी पाहिल्या खणात,
काळ्या अंगठ्यांसकट.

दिवाडीला फेरीतून उतरलो.
खाजनाच्या बांधावर पास्कू मानशीला जाळं लावत होता.
सरांनी दाराकडे बोट केलं: हे उघडतं कोण?
"कोण उघडणार? पाणी.
सुकतीला उघडतं, भरतीला मिटतं.
आपण लाकूड तेवढं कुजू द्यायचं नाही."

सर बसले.
मी पोय आणि सुंगटांचं लोणचं आणलं,
ते न बघता खाल्लं,
डोळ्यांना धारा, नजर दारावर.

पाणी फिरलं तशी फळी एकदा कुरकुरली
आणि मिटली.
सरांनी वही काढली,
परत ठेवून दिली.

आता तो स्पंज माझ्या फळ्याखाली आहे,
ताळगावच्या पठारावर, दगडासारखा.
परवा एका मुलीनं विचारलं,
सर, ह्याचा उपयोग काय?
मी तो नळाखाली धरला.
बराच वेळ काही झालं नाही.
मग फुगला.

फळा पुसला,
आणि वाळेपर्यंत
सगळे थांबलो.