शिसं

रुस्ताकच्या सनाइयात, टायरवाल्याला लागून
आमचं लेथचं दुकान.
भर बाराच्या उन्हात शैबा मुसब्बह आला,
रुमालाची गाठ सोडून त्यानं काउंटरवर ठेवली
एक गोळी.
आजोबांच्या बंदुकीची. करडी,
दाढेसारखी झिजलेली.
म्हणाला, हिच्या मापाचा साचा करून दे.
बाजारात मिळत नाही.
मिळाला असता तरी घेतला नसता.

परवाना न मागताच दाखवला,
प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी घालून ठेवलेला.
सुधाकरन हळूच म्हणाला, नसती भानगड.
मालकानं कागद दोनदा वाचला
आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

गोळी म्हटलं की मला
आईची रक्तदाबाची आठवते.
रोज फोनवर विचारतो, घेतलीस का.
आणि शिसं म्हटलं की आज्याचं एकच वाक्य:
आपल्यातल्या कुणी पोथी ऐकली
तर कानात ओतायचे म्हणं.
हसत सांगायचा.
हात मात्र त्याचा कानाकडे जायचा.

चार दिवस पितळेच्या दोन विटांशी झटलो.
दोन्ही मिटल्या की मधून
उजेडाचा दोरासुद्धा दिसता कामा नये,
आणि तरी हवा निसटायला
केसाएवढ्या रेघा ठेवायच्या,
नाहीतर गोळी पोटात पोकळ राहते.
झिजलेल्या गोळीवरून
न झिजलेलीचं माप काढायचं,
हे अंदाजपंचे काम मला आवडलं.

शुक्रवारी त्यानं घरी नेलं.
खजुरीच्या पोकळ ओंडक्यांत मधमाश्या,
ओंडक्यांच्या पलीकडे पत्र्याची चूल.
शिसं टायरवाल्याकडचंच,
चाकांना लावायची जुनी वजनं.
वितळल्यावर त्यात त्यानं मेणाचा खडा टाकला.
भपकन ज्योत उठली,
मधाचा आणि जळक्याचा एकत्र वास.
वर आलेली मळी पळीनं बाजूला केली,
अगदी आमच्या गुऱ्हाळावर
काहिलीवरची काढतात तशी.
मी मराठीतच म्हणालो, बास, आता स्वच्छ झालं.
तो म्हणाला, ऐवा.

पहिल्या सात-आठ सुरकुतलेल्या आल्या.
मला वाटलं, माझंच माप चुकलं.
साचा गार आहे, म्हणाला,
अजून त्याला कळलेलं नाही आपण काय करतोय.
फसलेल्या सगळ्या परत भांड्यात.
शिसं कुरकुरत नाही,
पुन्हा वितळतं.
माझ्या व्हिशाच्या कागदांना हे कुणी शिकवावं.

नवव्याला साचा उघडला आणि
नाण्यासारखी लख्ख एक घरंगळली
ओल्या गोणपाटावर, चर्र करत.
नात वेलची तोलायच्या काट्यावर
एकेक ठेवत होती, आकडे वहीत लिहीत होती.
मी विचारलं, मारता कशाला यानं?
वादीपलीकडच्या एका दगडाकडे बोट केलं.
आजोबा त्यालाच मारायचे.
लागतो?
कधीमधी. दगडाला कुठं जायचंय.

मग त्यानं एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.
कोमट होती अजून,
कोंबडीखालून काढलेल्या अंड्याएवढी कोमट.
का कुणास ठाऊक, मी ती कानाशी नेली.
काय ऐकतोस? त्यानं विचारलं.
अरबीत सांगता आलं नसतं मला.
मराठीतही.

मजुरीवर त्यानं मधाची बाटली दिली.
गोळी विमानातून नेता यायची नाही,
म्हणून ती लेथच्या कप्प्यात आहे,
कटिंग टूलच्या शेजारी.
काल काम नव्हतं.
जॉबकार्डच्या पाठीवर सहज टेकवून ओढली
तर करडी रेघ उमटली,
शिसपेन्सिलीची असते तशी.
आज्याचं नाव लिहिलं. यलाप्पा.
जन्मभर अंगठाच देत आला माणूस.
पुसट आलं.
पुन्हा गिरवलं.