रेघेच्या आत

फिजिओवाली पोरगी म्हणाली,
"काका, मंडल रंगवा. डाव्या हातानं.
मन शांत होते."

इतवारीतल्या अर्ध्या पाट्या माझ्या हातच्या.
उजव्या हातच्या. तो आता मांडीवर पडून असतो
धंदा बुडालेल्या भावासारखा, गप्प.

नातीची स्केचपेनं, हिरव्याचं टोपण हरवलेलं.
पहिल्याच पाकळीत रंग रेघेबाहेर.
दुसरीतही.
माझ्या 'ळ'चं पोट चाळीस वर्षांत कधी फुगलं नाही,
अन् इथं बोटभर पाकळी आवरेना.
कसली शांतता! पेन फेकलं.
मग वाकून उचललं,
तेवढ्यालाच पाच मिनिटं गेली.

साडेतीनला लाईन गेली.
कुलर थांबला, वाळ्याचा वास तेवढा राहिला
आणि कागदावर पेनाची करकर.
किती वेळ, माहीत नाही.

"काय करून राहिले जी?" शेवंता दारात.
बोललो नाही. चौथ्या गोलात होतो.

लाईन आली. कुलरच्या झोतानं कागद उडू लागला,
तर तिनं माझा उजवा हात उचलून
वजन म्हणून वर ठेवला.

बऱ्याच दिवसांनी
दोन्ही हात एका पाटीवर.